उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होईल का?

रविवारी सकाळी आमच्या मुक्ताला ऑम्लेट हवं होतं आणि तिच्या आजीनं सगळी अंडी उकडून ठेवली होती. सहावीत गेल्यापासून मुक्ता भांडत नाही, प्रश्न विचारते. हा प्रकार भांडणापेक्षा महागात पडतो.

"मामा, बर्फ तापवला की पाणी होतं आणि पाणी गार केलं की परत बर्फ. बरोबर? मेण वितळतं, परत घट्ट होतं. तूप पातळ होतं, परत थिजतं. मग उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये ठेवलं तर ते परत पातळ का होत नाही?"

आजी म्हणाली, "गप खा."

मी मात्र अडकलो. 'होत नाही म्हणजे नाही' असं म्हणून सुटता येईना, कारण उकडलेल्या अंड्यातला काही भाग पुन्हा कच्चा करून दाखवणारी माणसं खरोखरच आहेत. पण त्यांनी तो कसा केला हे सांगायचं तर आधी अंड्याच्या आत शिरावं लागतं. चला तर मग, मुक्ताबरोबर तुम्हीही.

कच्चं अंडं फोडलं की पांढरा बलक सळकन वाटीत येतो. (पांढरा कसला, तो तर पारदर्शक असतो. उकडल्यावर पांढरा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्यात शंभरातले जवळजवळ नव्वद भाग नुसतं पाणी, आणि उरलेल्यात बहुतेक सगळी प्रथिनं. प्रथिनं म्हणजे डाळीत असतात आणि 'खा, खा' म्हणून आई मागे लागते तीच. पण जवळून पाहिलं तर प्रथिन म्हणजे काही पिठासारखी पूड नव्हे. ती एक इवलीशी गुंडी असते. इवलीशी म्हणजे किती? एका मिलिमीटरमध्ये अशा दोन-अडीच लाख गुंड्या शेजारी शेजारी मांडता येतील.

अशी प्रत्येक गुंडी म्हणजे मण्यांची एक लांब माळ. तिच्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात आणि ते असतात फक्त वीस प्रकारचे. तुमची नखं, कोळ्याचं जाळं, गाईचं शिंग, मोराचं पीस, सापाचं विष, सगळं याच वीस प्रकारच्या मण्यांच्या माळांनी बनलेलं. अंड्यातल्या माळांपैकी एकीची आज आपण ओळख करून घेऊ. तिचं नाव लायसोझाइम. तिच्यात मणी १२९.

लायसोझाइम मला आवडतं, कारण ते सापडलं शेंबडात. अलेक्झांडर फ्लेमिंग हे पेनिसिलिनवाले शास्त्रज्ञ तुम्हाला ठाऊक असतील. पेनिसिलिनच्या आधी, एकदा सर्दी झालेली असताना, त्यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर ठेवला. आपण रुमालाला पुसतो, त्यांनी बशीत ठेवला. आणि शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळून गेले! त्यात जंतूंना फोडणारं काहीतरी होतं. १९२२ साली त्यांनी ते जाहीर केलं. मग कळलं की तेच डोळ्यांतल्या पाण्यात आहे, लाळेत आहे आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात तर भरपूर. अश्रू जमवायला फ्लेमिंग म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. हे ऐकल्यावर मुक्तानं आपल्या धाकट्या भावाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही.

आता लायसोझाइम जंतूला फोडतं कशानं? त्याला दात नाहीत, नखं नाहीत. त्याच्याकडे आहे एक खाच. १२९ मण्यांची माळ अशी दुमडलेली असते की गुंडीच्या एका अंगाला खोल खाच तयार होते. जंतूच्या भिंतीचा धागा त्या खाचेत बरोबर बसतो आणि कट्कन तुटतो, अडकित्त्यात सुपारी धरावी तसा. लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं १९६५ साली क्ष-किरणांच्या मदतीनं ही खाच दाखवून दिली. माळ सरळ ताणली तर ती गुंडीच्या दहापट लांब होईल, मणी तेच राहतील, पण खाच गेली की अडकित्ता गेला. प्रथिनाचं काम त्याच्या आकारात असतं.

मग हा आकार देतं कोण? चकलीला सोऱ्या असतो, मोदकाला साचा असतो. पेशीत रायबोसोम नावाचं यंत्र एकेक मणी ओवत जातं, माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच. ते फक्त ओवतं, दुमडत नाही. ओवलेली माळ बाहेर सोडली की त्याचं काम संपलं.

खिशात ठेवलेली इयरफोनची वायर आठवून पाहा. सरळ गुंडाळून ठेवली तरी बाहेर काढावी तेव्हा गुंता, आणि दर वेळी वेगळा. आता समजा, दर वेळी ती खिशातून कासवाच्याच आकारात बाहेर आली तर? चार पाय, शेपूट, डोकं, सगळं जागच्या जागी. तुमच्याच नव्हे, वर्गातल्या चाळीसही जणांच्या खिशातून कासवच निघालं तर? आपण किंचाळत सरांकडे जाऊ. तुमच्या अंगात या क्षणी अब्जावधी माळा अशाच आपापलं कासव करत आहेत आणि तुम्ही आरामात मासिक वाचताय.

याची गुरुकिल्ली मण्यांच्या क्रमात आहे. 'सर' उलटे केले की 'रस' होतो. अक्षरं तीच, पण सरांना चालेल का? माळेतही कोणता मणी पहिला, कोणता दुसरा, कोणता तिसरा हे पक्कं ठरलेलं असतं. शास्त्रज्ञ या क्रमाला प्राथमिक रचना म्हणतात. एखाद्या प्रथिनाचा असा पूर्ण क्रम सर्वांत आधी वाचला केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी. त्यांनी निवडलं इन्सुलिन. त्यात मणी फक्त ५१, एका माळेत २१ आणि दुसरीत ३०. तेवढं वाचायला त्यांना सुमारे दहा वर्षं लागली! माळ तोडायची, तुकडे वेगळे करायचे, कोणता तुकडा कोणाच्या शेजारचा हे जुळवायचं. फाटलेली चिठ्ठी जोडतात तसं. १९५८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. (१९८० साली आणखी एक मिळालं, पण ते दुसऱ्याच माळेसाठी, डीएनएच्या.)

आता खरी गंमत, दुमडण्याची.

१९४८ साली लायनस पॉलिंग नावाचे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडात ऑक्सफर्डला पाहुणे म्हणून गेले होते. तिथल्या हवेनं त्यांना सर्दी झाली. (या गोष्टीत सर्दी फार, हे मलाही लिहिताना जाणवतंय.) पलंगावर पडून एक-दोन दिवस त्यांनी रहस्यकथा वाचल्या, मग कंटाळले. कागद घेतला, त्यावर माळेचं चित्र काढलं आणि कागद दुमडायला लागले. त्यांना एक गोष्ट माहीत होती जी इतरांनी नीट लक्षात घेतली नव्हती. दोन मण्यांमधला जोड पट्टीसारखा ताठ असतो, तो पिळता येत नाही. वळायला वाव आहे तो मण्यापाशीच. ती अट पाळून कागद गुंडाळता गुंडाळता त्यांच्या हातात एक मळसूत्र आलं.

मळसूत्र म्हणजे स्क्रूवरची वळसे घेत चढत जाणारी रेघ. चकली म्हणू नका हं, चकली ताटात आडवी पसरते. हे गोल जिन्यासारखं वर चढतं. आजोबांच्या वेळच्या फोनची गुंडाळी पडलेली वायर असते ना, तसं. जिन्याच्या एका वेढ्यात ३.६ मणी. साडेतीन नाही, चारही नाही, ३.६! एका वेढ्यातले मणी वरच्या वेढ्यातल्या मण्यांना हायड्रोजन बंधांच्या बारीक बारीक हातांनी धरून ठेवतात, म्हणून जिना ढासळत नाही. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५१ साली छापलं. नाव ठेवलं अल्फा मळसूत्र. इंग्रजीत अल्फा हेलिक्स.

ते वाचून केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ नावाच्या गृहस्थांना भयंकर राग आला. पॉलिंगवर नव्हे, स्वतःवर. इतकी वर्षं आपण प्रथिनांवरच काम करतोय आणि हे आपल्याला सुचू नये? शनिवार होता. सायकल मारत घरी गेले, जेवले. पोरं काय बोलताहेत इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जेवता जेवता त्यांच्या डोक्यात आलं की जिना खरोखरच असा असेल, तर क्ष-किरणांच्या फोटोत एका ठरावीक जागी एक ठिपका उमटलाच पाहिजे, आणि तो आजवर कोणी पाहिलेला नाही, कारण त्या कोनात कोणी फोटोच घेतला नव्हता. तडक प्रयोगशाळेत परत. खणात घोड्याच्या शेपटीचा एक केस होता. तो क्ष-किरणांपुढे धरला. ठिपका होता! सोमवारी त्यांनी आपल्या वरिष्ठांना, लॉरेन्स ब्रॅग यांना, सगळी हकीकत सांगितली. असं कसं सुचलं, असं विचारल्यावर म्हणाले, रागामुळे. तेव्हा ब्रॅग म्हणाले की मग मी तुम्हाला याआधीच रागवायला लावायला हवं होतं.

म्हणजे घोड्याच्या केसात जिने आहेत. तुमच्याही केसांत आहेत, मेंढीच्या लोकरीत आहेत. म्हणूनच ओला केस हळू ताणला तर लांबतो. आतला जिना उलगडतो. स्वेटर ओढला की लांबतो यामागेही थोडा हात याच जिन्यांचा.

पण प्रत्येक माळेला जिना आवडत नाही. काही माळा लांब पसरून एकमेकींच्या शेजारी आडव्या झोपतात आणि त्यांची चादर तयार होते. सपाट चादर नव्हे, बारीक बारीक चुण्या पडलेली. अगदी साडीच्या निऱ्या! रेशमाच्या धाग्यात अशाच निऱ्या ठासून भरलेल्या असतात. त्यातली माळ आधीच ताणलेली असल्यामुळे रेशीम लोकरीसारखं ओढून लांबत नाही. लग्नात आजी पैठणी नेसते तेव्हा तिच्या निऱ्यांच्या प्रत्येक धाग्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणखी लाखो निऱ्या असतात. आणि त्या घालतो रेशमाचा किडा, तोंडातून धागा काढता काढता.

जिने आणि निऱ्या, ही झाली द्वितीयक रचना. पण माळ जिनाच का करते, निऱ्याच का घालते, भलतीसलती का वळत नाही? याचं उत्तर मिळालं मद्रासला. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे तिथल्या विद्यापीठात होते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसला की काय होतं? हात कसाही हलवता येत नाही. इकडे नेला तर याच्या पोटात कोपर, तिकडे नेला तर त्याच्या पेपरवर. हलायला वाव असतो तो दोन-चार ठरावीक पद्धतींनीच. मण्यांचंही तसंच. प्रत्येक मण्यापाशी माळ दोन कोनांत वळू शकते, पण बहुतेक वळणांत एकाचे अणू दुसऱ्याच्या अणूंवर आपटतात. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन या तिघांनी कोणती वळणं चालतील आणि कोणती नाहीत याचा हिशेब केला आणि १९६३ साली त्याचा एक नकाशा छापला. चौकोनी कागदावर थोडीशी बेटं, बाकी सगळा 'येथे वळण्यास मनाई' असा समुद्र. एक बेट जिन्याचं, एक निऱ्यांचं. आजही जगात कुठेही कोणी नव्या प्रथिनाचा आकार शोधला की तो बरोबर आहे का हे आधी या नकाशावर तपासतात. त्याला नावच 'रामचंद्रन नकाशा' पडलंय.

इथपर्यंत मुक्तानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण गुंडी कुठे झाली? जिना तर लांबच्या लांब आहे."

यासाठी आपल्याला मिसळ लागेल. गरम मिसळीवर लाल तर्री तरंगते. चमच्यानं ढवळा, तिचे ठिपके होतील. थांबा, ते पुन्हा एकमेकांना शोधत जवळ येतील. तेलाला पाणी नको असतं. आपल्या वीस मण्यांतही असे काही पाणभित्रे आहेत आणि काही पाणवेडे. पेशीत सगळीकडे पाणीच पाणी. तिथे माळ सुटली की पाणभित्रे मणी जे धावतात ते आत, एकमेकांना चिकटायला. आणि पाणवेडे राहतात बाहेर, पाण्याशी हातमिळवणी करत. या धावपळीत जिने वाकतात, निऱ्या एकमेकींवर येतात, माळेच्या एका टोकाचा मणी दुसऱ्या टोकाच्या मण्याशेजारी येऊन बसतो, आणि गुंडी तयार! ही तृतीयक रचना. लायसोझाइमची ती अडकित्त्याची खाच इथे, या पायरीवर तयार होते.

पण खरंच माळ हे सगळं एकटी करते? कोणीतरी आतून मदत करत असेल, अशी शंका पुष्कळांना होती. अमेरिकेत ख्रिश्चन अनफिन्सन यांनी तिची परीक्षाच घेतली. त्यांनी १२४ मण्यांचं एक प्रथिन घेतलं, रायबोन्यूक्लिएज. त्याच्यात गंधक असलेले आठ मणी असतात आणि ते दोघादोघांच्या जोड्या करून गुंडीला टाचण्या मारल्यासारखे घट्ट बसतात. अनफिन्सननी ते युरियात टाकलं. हो, शेतात टाकतात तोच, पांढऱ्या गोण्यांतला युरिया. भरपूर युरिया असला की पाणभित्र्यांची पाण्याची भीती कमी होते आणि गुंडी सैल पडते. आणखी एक रसायन घालून त्यांनी टाचण्याही सोडवल्या. गुंडी उलगडली, माळ झाली. तिचं काम बंद पडलं. मग त्यांनी युरिया आणि ते रसायन दोन्ही काढून घेतलं. आणि त्या प्रथिनानं पुन्हा काम सुरू केलं. कोणी शिकवलं नाही, कोणी साचा दिला नाही. आठ मण्यांच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात. त्यातली बरोबर तीच लागली. आकाराची सगळी माहिती मण्यांच्या क्रमातच लिहिलेली आहे, हे यातून कळलं. अनफिन्सन यांना १९७२ साली नोबेल मिळालं.

तरीही एक कोडं उरतंच. ते मांडलं सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ साली. वहीत तुम्हीही करून पाहा. शंभर मण्यांची माळ घ्या. प्रत्येक मणी फक्त तीन तऱ्हांनी वळतो असं धरा. मग एकूण आकार किती? तीन गुणिले तीन गुणिले तीन, असं शंभर वेळा. उत्तर येतं ४८ आकडी. माळेनं सेकंदाला दहा लाख कोटी आकार करून पाहिले तरी सगळे तपासायला जी वर्षं लागतील ती लिहायला १ वर २७ शून्यं द्यावी लागतील. आणि खरी माळ? पुष्कळदा डोळ्याची पापणी लवायच्या आत दुमडून मोकळी.

तर माळ एकेक आकार तपासत बसत नाही, हे उघड आहे. महाबळेश्वरला पडलेला पावसाचा थेंब खाली यायला सगळ्या वाटा चालून बघतो का? तो फक्त उताराकडे घरंगळतो. एक ओघळ दुसऱ्याला मिळतो आणि पाणी दरीत पोचतं. माळही अशीच घरंगळते. प्रत्येक वळणावर थोडी अधिक निवांत होत होत तळाशी पोचते. तो तळ म्हणजे तिची गुंडी. अधूनमधून एखादी माळ मध्येच खड्ड्यात अडकते. पेशीत फार गर्दी असते ना! अशांसाठी पेशीत पिंपासारखी, झाकणाची प्रथिनं असतात. अडकलेली माळ आत घ्यायची, झाकण लावायचं, गर्दीपासून दूर काही सेकंद एकटं बसू द्यायचं आणि झाकण उघडायचं. अभ्यासाला वेगळी खोली मिळाल्यासारखं. मुक्तानं आजीकडे पाहिलं. आजीनं पाहिलं नाही.

काही गुंड्या इथेच थांबत नाहीत, जमून टोळी करतात. त्याला म्हणायचं चतुर्थक रचना. तुमच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ही चार गुंड्यांची टोळी आहे. पेरुट्झ, तेच ते स्वतःवर रागावलेले, १९३७ पासून तिच्या मागे होते आणि तिचा आकार त्यांना दिसला १९५९ साली. बावीस वर्षं! या टोळीचं काम फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा. पंगतीत जिलबी आली की पहिला 'नको नको' म्हणतो. पण एकदा एकानं घेतली की बाकीच्यांचा संकोच जातो. हिमोग्लोबिनचंही तसंच. एका गुंडीनं प्राणवायू घेतला की सगळी टोळी किंचित हलते, सावरून बसते, आणि उरलेल्या तिघींना तो घेणं सोपं जातं. एकेकट्या गुंडीला हे जमत नाही.

याच हिमोग्लोबिनची एक दुःखाची गोष्टही आहे. इतिहासात 'ध चा मा' ऐकलंय? नारायणराव पेशव्यांबद्दलच्या पत्रात 'धरावे' असं होतं, त्याचं कोणीतरी 'मारावे' केलं आणि १७७३ साली शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला, असं सांगतात. एक अक्षर बदललं, तेवढंच. हिमोग्लोबिनच्या चारपैकी दोन माळांत १४६ मणी असतात. काही माणसांत त्यातला सहावा मणी बदललेला असतो. बाकीचे सगळे जसेच्या तसे. पण तिथे असायला हवा पाणवेडा आणि येतो पाणभित्रा, तोही गुंडीच्या बाहेरच्या बाजूला. त्याला आत जाता येत नाही. मग तो शेजारच्या टोळीला चिकटतो, ती तिच्या शेजारच्या, आणि प्राणवायू सोडून परतणाऱ्या या टोळ्यांच्या लांब ताठ काड्या तयार होतात. त्या काड्यांनी गोल, मऊ रक्तपेशी ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. सांधे दुखतात, दम लागतो. हाच सिकलसेल आजार. तो चुकलेला मणी व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ साली केंब्रिजला शोधला. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत तो पुष्कळ घरांत आहे. आई आणि बाबा दोघांकडून चुकलेला मणी आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून काहीसा बचाव होतो. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत तो टिकून राहिला तो त्यामुळे. तुमच्या वर्गात असं कोणी असेल तर एवढंच लक्षात असू द्या: हा आजार शिवल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं होत नाही.

मण्यांच्या क्रमावरून आकार ओळखता येईल का, यावर शास्त्रज्ञ पन्नास वर्षं डोकं चालवत होते. २००८ साली तर त्यांनी 'फोल्डइट' नावाचा संगणकावरचा खेळच काढला. कोणीही खेळावा, माळ दुमडावी, गुण मिळवावेत. माकडांना होणाऱ्या एका रोगाच्या विषाणूचं एक प्रथिन दहा-बारा वर्षं कोणाला उलगडलं नव्हतं. २०११ साली खेळाडूंनी ते तीन आठवड्यांत सोडवलं. (ही बातमी आईबाबांना किती वेळा सांगायची ते तुमचं तुम्ही ठरवा.) मग २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड-२' नावाचा संगणक-कार्यक्रम आला. त्यानं आतापर्यंत वीस कोटींहून जास्त माळांचे आकार वर्तवले आहेत. तो करणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर, आणि ज्यांच्या प्रयोगशाळेतून फोल्डइट निघाला ते डेव्हिड बेकर, या तिघांना २०२४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

"आणि माझं अंडं?" मुक्ता म्हणाली.

कोंबडी २१ दिवस अंड्यावर बसते तरी अंडं शिजत नाही, कारण तिची ऊब ३७-३८ अंशांची. गुंड्यांना ती सोसते. पण पातेल्यातलं पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं की गुंड्या थरथरायला लागतात, एकेक जात आपापल्या अंशाला उलगडते. आतले पाणभित्रे मणी उघड्यावर येतात. ते घाबरून जवळ जो सापडेल त्याला धरतात. पण आता शेजारी आपली माळ कुठली आणि परकी कुठली! सगळ्याच उलगडलेल्या. हिचा मणी तिला, तिचा तिसरीला. हजारो लोकरीचे गुंडे सोडून मांजरीपुढे टाकावेत तसं जाळं होतं. पाणी कुठेही जात नाही; उकडलेल्या पांढऱ्यातही तेवढंच पाणी असतं, फक्त जाळ्यात कोंडलेलं. आधी सुट्या गुंड्यांतून उजेड आरपार जायचा, आता तो जाळ्यावर आपटून चारी दिशांना उधळतो, म्हणून ते पांढरं दिसतं. आणि गार केल्यावर? बर्फाच्या पाण्यातले कण सुटे असतात, ते पुन्हा ओळीनं लागतात. इथे प्रत्येक माळ दुसऱ्या शंभर जणींत अडकलीय. घरंगळायचा उतार आहे, पण पाय मोकळे नाहीत.

२०१५ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे पाय मोकळे केले. अंड्याचा पांढरा भाग त्यांनी ९० अंशांवर वीस मिनिटं उकडला. मग त्यात टाकला युरिया. हो, पुन्हा तोच! घट्ट पांढरं विरघळलं, पण माळा अजून एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मग ते पाणी त्यांनी एका तिरक्या नळीत घालून नळी प्रचंड वेगानं फिरवली. नळीच्या आतल्या अंगाला पाण्याचा पातळसा थर पसरला आणि त्या ओढाताणीत माळा सुट्या झाल्या. सुट्या झाल्यावर काय करायचं हे माळेला कोणी सांगावं लागतं का? काही मिनिटांत एक प्रथिन आपल्या मूळ आकारात, खाचेसकट, परत आलं. कोणतं ते ओळखा.

"लायसोझाइम!" मुक्ता ओरडली. "शेंबूडवालं!"

"बरोबर. पण सगळं अंडं नव्हे, तेवढं एकच. आणि त्यात युरिया. त्याचं ऑम्लेट चालेल तुला?"

ती जरा वेळ विचारात पडली. मग तिनं हातातल्या उकडलेल्या अंड्याकडे पाहिलं. "आणि हे पोटात गेल्यावर काय होतं?"

उकडल्यामुळे गुंड्या आधीच उलगडल्यात, त्यामुळे पोटातल्या कात्र्यांना माळ चटकन सापडते. कच्च्या अंड्यापेक्षा उकडलेलं जास्त पचतं ते म्हणून. कात्र्या मणी सुटे करतात. ते रक्तात जातात आणि तुझी पेशी त्यांना पुन्हा ओवते, या वेळी तुझ्या क्रमानं. काही केसात जातील, काही नखात. एखादा कदाचित तुझ्याच डोळ्यांतल्या लायसोझाइममध्ये.

"म्हणजे कोंबडीचा मणी माझ्या रडण्यात?"

"हो."

"मीठ दे," मुक्ता म्हणाली.